निवट्यांची खोली

मागच्या खोलीतून मासळीचा वास येतो, हे घरात सगळ्यात आधी मीच म्हटलं. वास मासळीचाच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. कोणाला असती? ज्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, त्या घरात माझ्या नवऱ्यानं उरणच्या खाडीतून जिवंत मासे आणून काचेच्या पेटीत ठेवले होते.

नवरा म्हणजे धर्मेंद्र. समोर अहो-जाहो, पाठीमागे मी त्याला नावानंच म्हणते. बोरगाव मेघेत आमचं घर अन् रोडवर त्याचं बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मित्राच्या लग्नाला उरणला गेला होता, येताना मिठाई आणेल म्हणून आम्ही वाट पाहत होतो. यानं डबा उघडला तर आत चिखल, अन् चिखलात डोळे.

"निवट्या म्हणतेत याइले," तो म्हणाला. "मासा हाय, पण पाण्याच्या बाहेर चालते, रीता! चालते!"

"मंग तिकडंच चालू द्याच्या होत्या नं."

तिकडे लोक कालवण करून खातात म्हणे. आमच्या येड्यानं पाळायला आणल्या.

मला माशांची भीती नव्हती. मला भीती आचलची होती. आठ वर्षांची माझी एकुलती एक पोरगी, अन् तिला दमा. घरात जरा ओल आली की तिची छाती वाजायला लागते, मग तो पंप, ती वाफ, अन् माझा जीव टांगणीला. ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसते, ही माझी सवयच झाली आहे. तर मी तेव्हाच बजावून ठेवलं होतं, "पोट्टीच्या छातीले काई झालं नं, तं ही पेटी रस्त्यावर फेकीन. तुमच्यासकट."

पेटी मात्र त्यानं मन लावून केली, ते नाकारत नाही. लांबट काचेची पेटी, एका बाजूला रेती अन् चिखलाचा उतार, त्यात एक वाळकं झाडाचं मूळ, दुसऱ्या बाजूला जेमतेम चार बोटं पाणी. नळाचं पाणी आधी बादलीत उघडं ठेवायचं, क्लोरिन उडून जाऊ द्यायचं, मग त्यात मागवलेलं समुद्राचं मीठ कालवायचं. समुद्राच्या निम्मं खारट, जास्त नाही, कमी नाही. माझ्या सासूबाई, सुलोचनाबाई, स्वैपाकघरातली मिठाची बरणी घेऊन आल्या तर हा ओरडलाच, "आई, ते नाई चालत!" वर घट्ट झाकण अन् झाकणावर वीट, कारण या बया ओल्या काचेवरून वर चढतात. मोटारवाला माणूस, त्यामुळे बारीक नळी अन् नोझल लावून आत फवाराही बसवला.

"हे कायले?" मी विचारलं.

"त्या पाण्याबाहेर असल्या का कातडीनं श्वास घेतेत. आंग ओलं पाह्यजे, हवा ओली पाह्यजे. आपल्या वर्ध्याची कोरडी हवा लागली तं जीव जाईन त्याइचा."

आचल तर त्या दिवसापासून त्या पेटीचीच झाली. तीन निवट्या होत्या. सगळ्यात मोठा दुसऱ्यांना मुळावर बसूच देत नसे, पाठीवरचा पंखा ताठ उभारून अंगावर धावून जाई, म्हणून त्याचं नाव सरपंच. बाकी दोघी रुख्मी अन् मास्तरीण. सुकट भिजवून घालायची तर सासूबाईंनी वेगळी वाटी, वेगळा चमचा दिला अन् वाटीला लाल दोरा बांधला, चुकून स्वैपाकघरात यायला नको म्हणून. आचल चिमटीनं सुकट धरायची अन् सरपंच चिखलावरून टुण्णकन उडी मारून घ्यायचा. खरं सांगते, एकदा मलाही हसू आलं होतं.

मागच्या खोलीत दुपारचं ऊन येत नाही, म्हणून पेटी तिथे. अन् तिथेच, पेटीच्या टेबलाला अगदी लागून, आमची गव्हाची कोठी. पत्र्याची, माणसाच्या खांद्याएवढी. वर्षाचा गहू एकदाच भरायचा, ही आमच्या घरची रीत. रीत म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बंडूजींची. आर्वीला त्यांचं धान्याचं दुकान होतं, मागे मोठं गोदाम. गुडघे गेले तेव्हा ते सगळं विकून आमच्याकडे आले, पण मनानं अजून गादीवरच बसलेले असतात. हातात चार दाणे घेऊन कोणत्या गावचा गहू ते सांगतील.

गेल्या वर्षी मात्र त्यांची फजिती झाली. सासूबाईंनी नेहमीसारखा कडुलिंबाचा पाला अन् बिबे घालून गहू भरला होता, तरी गव्हात सोंडे, ते बारीक काळे किडे, झाले. केळझरची माझी नणंद आली होती, परातीतले सोंडे पाहून म्हणाली, "बाबा, व्यापाऱ्याच्या घरी सोंडे?" सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत.

म्हणून यंदा गहू आला तेव्हा ते कोणालाच हात लावू देईनात. आर्वीहून ओळखीच्या दुकानातून काहीतरी आणलं होतं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पुरचुंड्या केल्या अन् गव्हाच्या थराथरात घालत गेले.

"आमच्या गोदामात हेच टाकत होतो," मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "एक सोंडा दिसला तं नाव बदलून टाकजो माह्यं."

मला वाटलं, पाऱ्याच्या गोळ्या असतील, त्या सगळ्यांच्याच घरी टाकतात. मी शिवणयंत्रावर होते, गिऱ्हाइकाचा ब्लाऊज संध्याकाळी द्यायचा होता.

मे लागला अन् उन्हानं कहर केला. आचलला सुट्ट्या. सगळं घर भट्टीसारखं तापायचं, कूलर नुसता गरम वाफ फेकायचा, अन् मागची खोली त्या फवाऱ्यामुळे थंडगार. दुपारी जेवली की ती तिथेच दिवाणावर, पेटीकडे तोंड करून झोपायची. मी भांडले. धर्मेंद्र म्हणाला, बाहेरच्या धुळीपेक्षा ओली हवा बरी, डॉक्टर वाफच देतात ना? शेवटी ठरलं की दुपारी तिथे झोपेल, रात्री माझ्याजवळ.

वास यायला लागला तो त्याच दिवसांत. आधी लसणासारखा. मी सासूबाईंवर खेकसले की चटणी उघडी राहिली असेल. मग तो बदलला, कुजक्या मासळीसारखा झाला, अन् मला रागानं काही सुचेना. सुकट कुठे सांडली म्हणून मी दिवाणाखाली झाडून काढलं, टेबल पुसलं, लाल दोऱ्याची वाटी घासली. वास तिथेच. मामाजी नाकाला पंचा लावून दारातूनच परत फिरले.

"धर्मेंद्र, तुह्यी मासळी सडून राह्यली! मी त्या खोलीत पाय नाई ठेवणार आता." अन् खरंच, त्या दिवसापासून त्यांनी पाय ठेवला नाही.

मग रुख्मी मेली. चिखलावर, तोंड उघडं टाकून. आचल दिवसभर रडली. धर्मेंद्रनं पाणी तपासलं, मीठ तपासलं, दुकानातून दोनदा फोन करून मला पाण्याचा रंग विचारला. सगळं ठीक होतं. "हवा कोरडी झाली असन," असं म्हणून त्यानं खिडकीला आतून प्लास्टिक चिकटवलं, फटी पट्टीनं बंद केल्या, अन् दाराखालच्या फटीत ओलं बारदान घातलं. फवारा दुप्पट केला. खोलीत शिरलं की भिंतींना हात लावला तरी ओला व्हायचा. कोठीच्या पत्र्यावरसुद्धा पाण्याचे थेंब.

दुसऱ्याच दिवशी मास्तरीण गेली.

आता एकटा सरपंच उरला, पण त्याचाही तोरा गेला होता. पंखा उभारत नव्हता, उड्या मारत नव्हता. रंग फिका पडला होता. काचेवर चढून थेट झाकणाला तोंड लावून बसायचा. मी खोलीत शिरले की तो माझ्याकडे पाहायचा नाही, वर पाहायचा. मला त्याचं ते वर पाहणं बघवत नव्हतं.

अन् आचल. दुपारी झोपून उठली की डोकं धरून बसायची. संध्याकाळी उलटी. खोकला, पण नेहमीचा नाही, कोरडा. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटते म्हणायची. सासूबाईंनी ऊन लागलं म्हणून पन्हं पाजलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी पंप दिला. सकाळी उठली की टुणटुणीत, भूक लागली म्हणून पोहे मागायची. अन् दुपार गेली की पुन्हा मान टाकलेली. मी देवासमोर दिवा लावला अन् म्हटलं, बाप्पा, ही ओल माझ्या पोरीचा जीव घेणार. ओल! मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्या मंगळवारी मी ठरवलं. धर्मेंद्र दुकानात, सासूबाई देवळात. मामाजी पुढच्या खोलीत पेपर घेऊन आडवे. मी टब घेतला, पेटीतलं थोडं पाणी अन् चिखल त्यात घातला, वीट बाजूला केली अन् सरपंचाला ओंजळीत उचललं. त्यानं अंग आक्रसलं नाही की निसटायला पाहिलं नाही. मरायलाच टेकला होता.

आचल दारात उभी. "आई, कुठं नेऊन राह्यली त्याले?"

"बाहेर. बाबा आले का घेऊन जातीन कुठं न्यायचा तिकडं."

"बाहेर तो मरन! बाबानं सांगितलं नं, कोरड्या हवेत मरते तो!"

"मरू दे मंग! तुह्यापेक्षा मोठा हाय का तो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् मग राग. माझीच पोरगी ती. "तू वाईट हायेस," म्हणाली, खोलीत शिरली अन् आतून कडी घातली. दिवाणावर धपकन पडल्याचा आवाज मी ऐकला. म्हटलं, रुसू दे. पेटी रिकामी झाली, आता काय होते. रडून झोपेल अन् उठेल.

मी टब अंगणात सीताफळाच्या सावलीत ठेवला. बाहेर गरम वाऱ्याची लू चालू होती, चप्पल पायाला चटके देत होती. टबावर ओलं फडकं टाकलं, तेवढी मी काही कसाई नाही. शिवणाचं काम घेऊन पायरीवर बसले. एक काजं केलं, दुसरं केलं. मनात म्हटलं, गेला असेल. फडकं बाजूला करून पाहिलं.

सरपंच चिखलावर येऊन बसला होता. डोळे वर, लख्ख. अंगावर पुन्हा काळसर पट्टे दिसत होते. मी बोट पुढे केलं अन् त्यानं पंखा उभारला. ताठ. माझ्या बोटावर धावून आला, अन् टुण्णकन उडी मारून टबाच्या काठाला आपटून परत चिखलात पडला.

मला आधी हसू आलं. म्हटलं, हा तर वर्ध्याच्या लूमध्ये जिता झाला! ओल्या खोलीत मरत होता अन् कोरड्या उन्हात...

तिथेच माझं हसू थांबलं. आत आजारी, बाहेर बरा. दुपारी आजारी, सकाळी बरी. पाण्यात काही नव्हतं, मिठात काही नव्हतं. खोलीत होतं. दोन निवट्या मेलेल्या, टेबल पुसलेलं, तरी मघाशी मी आत गेले तेव्हा वास होताच. अन् माझी पोरगी त्या खोलीत आतून कडी लावून झोपली होती.

हातातला ब्लाऊज कुठे पडला कोण जाणे. "आचल!" दारावर थाप. "आचल, दार उघड बेटा! आणते मी त्याले वापस! जिता हाय तो, पाह्य!" आतून काही नाही. कान दाराला लावला. रोज जो श्वास ऐकत बसते, तो ऐकू येईना.

"मामाजी! धावा वं बाई कोणी! मामाजी!"

ते गुडघे विसरून आले. दाराला खांदा दिला, दार हललं नाही. ते बाहेरून फिरून गेले, मी मागोमाग; त्यांनी मोरीजवळची लोखंडी सबल उचलली अन् खिडकीची काच फोडली, प्लास्टिक टराटरा फाडलं. आतली हवा बाहेर आली, थेट त्यांच्या तोंडावर. अन् ते थांबले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

"रीता," ते म्हणाले, "हे मासळी नाई वं. हा गोदामाचा वास होय. माह्या गोळ्या होय ह्या."

"कोणत्या गोळ्या?"

"गोदामात कोणी झोपत नोयतं," एवढंच ते म्हणाले. गजातून हात घालून कडी काढता येईना, तेव्हा त्यांनी खिडकीचा जुना गजच सबलीनं उपटला, आत शिरले, तोंडाला पंचासुद्धा लावला नाही. कडी काढली अन् आचलला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. ओठ निळसर, मान लोंबकळलेली. मी तिच्या छातीवर कान ठेवला. श्वास होता. फार आत, पण होता.

शेजारच्या बाबारावांनी गाडी काढली. दवाखान्यात मामाजींनीच डॉक्टरला सांगितलं, गोळ्यांचं नाव, कधी टाकल्या, कशा टाकल्या, एक शब्द लपवला नाही. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या घरात ठेवायच्याच नसतात, काका. दमट हवेत तर त्यांचा गॅस आणखी लवकर सुटतो." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "यावर उतारा नाही, ताई. हृदय सांभाळायचं अन् वाट पाहायची."

दमट हवा. म्हणजे धर्मेंद्रचा फवारा, धर्मेंद्रचं प्लास्टिक, धर्मेंद्रचं ओलं बारदान. दुकानातून धावत आलेला तो भिंतीला टेकून खाली बसला. पण मला त्याचा राग करायलाही सवड नव्हती. मी मामाजींकडे वळले अन् सगळ्या दवाखान्यासमोर, आवाज चढवून, म्हणाले, "निंघा इथून! सोंड्याइपायी माही पोट्टी मारली तुमी!" आजवर मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. त्यांनी हात जोडले, मला की देवाला ठाऊक नाही, अन् चालत बाहेर गेले.

आचल वाचली. नळ्या, सुया, तो टिक-टिक करणारा पडदा, ते दिवस मी मोजले नाहीत अन् मोजायचेही नाहीत. एका सकाळी तिनं पोहे मागितले अन् मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ओरडून रडले. डॉक्टर म्हणाले, दार-खिडकी बंद असलेल्या त्या खोलीत पूर्ण दुपार गेली असती तर काही खरं नव्हतं.

घरी आणली तेव्हा खोलीची दारं-खिडक्या उघड्या होत्या, कोठी जागेवर नव्हती. गहू माणसं बोलावून गावाबाहेर खोल पुरला, असं सासूबाई म्हणाल्या. अन् मामाजी अंगणात, सीताफळाखाली, टबाजवळ बसलेले. रोज तिथेच असतात, सासूबाईंनी सांगितलं, जेवणही तिथेच. धर्मेंद्रला फोन करून करून विचारत होते, मीठ किती, पाणी केव्हा बदलू, फडकं केव्हा ओलं करू. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मासळीकडे पाहिलं नाही, त्यानं स्वतःच्या हातानं माती उकरून गांडुळं काढली होती. नखांत अजून चिखल होता.

"जिता हाय वं माय," आचलला पाहून ते म्हणाले. "तुह्यासाठी ठेवला. पाह्य, तुहा सरपंच."

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. तिनं तो सोडवला. हळूहळू टबाजवळ गेली, वाकली. सरपंचानं पंखा उभारला. ती हसली. मग तिनं टबातल्या पाण्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे. दवाखान्यात आम्ही काय बोलत होतो, ते तिनं ऐकलं असणार. लेकरं सगळं ऐकतात.

"आबाजी," तिनं विचारलं. रागानं नाही, अगदी साधं, "तुमी याच्यात तं काई टाकलं नाई नं?"

मामाजींनी पाण्यातून हात बाहेर काढला. "नाई, माय," म्हणाले. मग टब तिच्याकडे सरकवला, अन् स्वतः दूर, सावलीच्या बाहेर, उन्हात जाऊन बसले.